शेंड्याचं भाषांतर

मी जपानीचं इंग्रजी करून पोट भरतो. पंखे, मिक्सर, मालिशच्या खुर्च्या यांच्या माहितीपुस्तिका हा माझा प्रांत. (मालिशच्या खुर्चीत मी आजवर टेकलेलोसुद्धा नाही, पण तीत कसं बसावं हे हजारो लोकांना शिकवलंय.) त्यामुळे एका बियाणं कंपनीकडून बागकामाची पुस्तिका आली तेव्हा मी बेधडक हो म्हटलं. झाडाला ना बटणं, ना वायर. त्यात अवघड ते काय?

दहाव्या पानावर घोडं अडलं. झाडाला जे जादा कोंब फुटतात त्यांना जपानी माणसाने जागेप्रमाणे वेगवेगळी नावं ठेवली होती. पानाच्या बेचक्यात फुटतो तो वाकिमे, म्हणजे शब्दशः काखेतला कोंब. बुंध्यापाशी फुटतो तो हिकोबाए. एका शब्दकोशात दोन्ही साइड शूट, दुसऱ्यात दोन्ही सकर. आणि कंपनीतल्या बाईंची ताकीद होती, "प्रत्येकाला वेगळा शब्द हवा. शक्यतो झाड पाहून लिहा."

"बगलफूट म्हणतात त्याला," सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. त्या आमच्याकडेच असतात आणि त्यांना सगळं माहीत असतं.

"अहो, पण ते मराठी झालं. मला इंग्रजी हवंय."

"मग इंग्रजांना विचारा."

इंग्रज जवळपास नव्हते. झाड मात्र होतं. बाल्कनीत बायकोचा टोमॅटो होता.

आता हा काही साधासुधा टोमॅटो नव्हता. तीन आठवड्यांनी आमच्या कॉलनीत कुंड्यांचं प्रदर्शन होतं. गेली चार वर्षं पहिलं बक्षीस खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर पळवत होते, आणि वर जिन्यात भेटले की "पुढच्या वर्षी बघा हं वहिनी," असं गोड हसून म्हणत होते. यंदा बायकोने कंबर कसली होती. झाडाला सात हिरवेगार टोमॅटो लटकले होते, आणि त्यांच्याशी ती माझ्याशी बोलते त्याहून बऱ्या आवाजात बोलायची.

बायको ऑफिसला गेली होती. मी दहावं पान आणि नखं कापायची कात्री घेऊन बाल्कनीत गेलो. नुसतं बघायचं ठरवलं होतं, देवाशपथ! पण खाली वाकून बघितलं की कंबर धरते. म्हटलं, एकेक नमुना टेबलावर नेऊन निवांत बघू. पुस्तिकेतही हे कोंब काढून टाका असंच लिहिलं होतं. बेचक्यातला एक घेतला. बुंध्याजवळचा एक घेतला. मग वर पाहिलं तर एका ठिकाणी दोन कोंब, दोन्ही सारखेच धष्टपुष्ट. यातला मालक कोण आणि पोटभाडेकरू कोण? मी पुस्तिका दोनदा वाचली, विचार केला आणि जो जास्त ऐटीत सरळ उभा होता तो कापला. (माझा आयुष्यभराचा अनुभव असा की, जो ऐटीत उभा असतो तो मूळचा नसतो.)

बायको आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर तीन कोंब चिठ्ठ्या लावून ओळीने मांडलेले होते.

"हे काय?"

"वाकिमे."

"आणि हे?"

"हिकोबाए."

"आणि हे?"

"त्यावर अजून एकमत झालेलं नाही."

"अहो, हा शेंडा आहे! माझ्या झाडाचा शेंडा!"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती चपला न काढता बाल्कनीत गेली आणि कुंडीशेजारी मटकन बसली. मला फार वाईट वाटलं. चार वर्षं ती त्या जिन्यातलं हसू गिळत होती, आणि मी एका शब्दापायी तिचं झाड बोडकं केलं होतं. पुढचे काही दिवस घरात बोलणं फक्त टोमॅटोशी झालं.

पण झालं भलतंच. वर वाढायची सोयच उरली नाही म्हटल्यावर झाडाने सगळा जोर फळांवर काढला. प्रदर्शनाच्या दिवशी सातही टोमॅटो लालबुंद! डॉक्टरांचं झाड उंच होतं खरं, पण फळं हिरवी. परीक्षक बाईंनी आमच्या कुंडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"शेंडा अगदी नेमक्या वेळी खुडलाय. कुणी खुडला?"

मी छाती काढून पुढे झालो. "मी."

"वा! नेमका तोच दिवस कसा ठरवलात?"

"त्यांना इंग्रजी शब्द सापडत नव्हता," बायको म्हणाली. पण म्हणताना हसली. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा! पहिलं बक्षीस तिला मिळालं. डॉक्टर अभिनंदन करायला आले, तेव्हा ती "पुढच्या वर्षी बघा हं," म्हणाली, आणि त्यानंतर दिवसभर तिचे पाय जमिनीवर नव्हते.

माझाही भाव घरात वधारला असं मी धरून चाललो. दुसऱ्याच दिवशी कंपनीकडून पुढची पुस्तिका आली. विषय गुलाब. बाल्कनीत बायकोचे चार गुलाब आहेत. मी कात्री शोधून काढली आणि उत्साहाने बाल्कनीच्या दाराशी गेलो, तर दाराला कुलूप.

"किल्ली माझ्या कमरेला आहे," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "जावईबापू, काचेतून दिसेल तेवढंच भाषांतर करा."