टिटवीच्या खिंडीचा राहिलेला मुक्काम

ज्यास अद्याप कोणी नाव ठेविले नाही, देऊळ बांधिले नाही, नैवेद्यही दाखविला नाही, त्या आदिदेवास साष्टांग दंडवत. साहेबी पुसिले की, मनुष्य आदौ कोण, कोठून आला, आणि रानोमाळ फिरणे टाकोन घर बांधोन कशास बसला, ते साद्यंत लिहोन पाठवावे. आज्ञेप्रमाणे लिहिले आहे. शक नव्हता, संवत नव्हता, पंचांग मांडणारा जन्मास यावयाचा होता. सबब साल लिहावे तर नदीकाठी जव प्रथम कापिले ते साल, ऐसे समजोन घ्यावे.

आदौ राज्य झाडावर होते. तेथून थोरले पूर्वज खाली उतरले. का उतरले याची मसलत कोणी लिहोन ठेविली नाही, आणि पुढे जे जाहले ते पाहता नसते उतरले तरी चालते, ऐसे आमचे मत. पण आमचे मत पुसतो कोण! मग दोन पायांवर उभे राहिले, हात मोकळे जाहले, आणि मोकळे हात स्वस्थ बसतात काय? दगडाने दगड फोडिला, धार आली, मग शिकार आली, मग विस्तव हाती लागला, आणि विस्तवाभोवती बसोन जे बोलू लागले ते आजतागायत उगे राहिले नाहीत. यात लाखो वर्षे गेली. त्यांचा तपशील आम्हांस ठाऊक नाही, आणि ठाऊक आहे म्हणणाराचा भरवसा साहेबी धरू नये.

त्याउपरी एक राज्य जाहले. राज्य म्हणजे दोन-तीन विस्तवांभोवती मावतील इतकी माणसे. तट नाही, तख्त नाही, मुलूख म्हणजे एक वाट. वर्षाची एक फेरी असे: नदी, मग करवंदीचे रान, मग वाऱ्याची खिंड, मग पलीकडील तळे, आणि फिरोन नदी. सरदार डोंगऱ्या नाईक, वयाने पिकलेले, शब्दाचे जड. त्या राज्याचा रिवाज ऐसा की, माणूस ज्या मुक्कामी वारले तेथेच पुरावे, वर दगड रचावे, आणि पुढील वर्षी स्वारी तेथे आली म्हणजे दगडांस तांबडी काव लावावी, आणि वर्षभराची हकिकत मेलेल्यास बसोन सांगावी: कोणास मूल जाहले, कोण कोणाशी भांडले, मध कोठे लागला. निघते समयी 'येतो' म्हणावे. आणि येतो म्हणाला त्याने आलेच पाहिजे, नाही तर मेलेले माणूस वाट पाहोन झुरते, ऐसी अवघ्यांची खात्री होती.

त्या राज्यात वेल्हीबाई म्हणोन एक बाई होती. तिची लेक लहानगी, तोंडाची टकळी अखंड चालू, म्हणोन सारे तिला टिटवी म्हणत. आईचे बोट मुठीत धरिल्याखेरीज पोरीस झोप येत नसे. ती टिटवी एके वर्षी वाऱ्याच्या खिंडीत तापाने फणफणली आणि गेली. वेल्हीबाईने मुठीतले बोट सोडवोन घेतले ते कसे घेतले हे लिहवत नाही, स्वहस्ते दगड रचिले, आणि दगडांस तोंड लावोन म्हणाली, "येते गं बाय. पुढल्या खेपेस सगळं सांगते तुला. एकटी आहेस म्हणून भिऊ नको." मग कावेचा बटवा कमरेस बांधिला आणि स्वारीबरोबर चालती जाहली.

नदीवर येऊन पाहतात तो नवल! मागील साली जव भाजिले त्या जागी दाणे सांडले होते, त्यांचे दाट रान माजले होते. अवघ्यांस बहुत खुशी जाहली. नाईकांनी मसलत केली की, औंदा कूच करू नये, पिकेतो येथेच राहावे. सर्वांनी माना डोलाविल्या. वेल्हीबाईनेही डोलाविली, तिलाही जव गोड लागले होते. मग डुकरे आली, पाखरे आली, म्हणोन मचाण बांधिले. मचाणावर ऊन लागते म्हणोन छप्पर घातले. छपराखाली वारा शिरतो म्हणोन कूड उभे केले. आणि घर जाहले. घर बांधावयाचे कोणाच्या मनात नव्हते, ते आपसूक जाहले, आणि माणसे आत अडकली.

सुगी आटोपोन दाणे जमिनीतील पेवांत भरिताच वेल्हीबाई नाईकांपुढे गेली आणि म्हणाली, "नाईक, आता निघायचं ना? खिंडीत पोर वाट बघत असेल."

नाईक म्हणाले, "पेवं भरलीत, वेल्हे. ती डोक्यावर घेऊन जायची की काय? आणि टाकून गेलो तर दुसरे येऊन खातील. पुढली सुगी होऊ दे, मग अवघे जाऊ."

"मी येते म्हणून सांगून आले आहे."

"अगं, मेलेली माणसं कुठं वाट बघतात?"

"हे तुमच्या बापाच्या दगडांपाशी जाऊन सांगा," ऐसे वेल्हीबाई बोलली. नाईकांनी मान फिरवोन तळ्याच्या वाटेकडे पाहिले, कारण त्यांचा बाप तळ्याच्या मुक्कामी पुरिला होता. पण कूच काही जाहले नाही.

पुढील सुगीस वेल्हीबाईस मूल जाहले. पेवाकाठी जन्मला म्हणोन त्यास पेवजी म्हणू लागले. अंगावर पिते मूल, निघावे कैसे? त्यापुढील सुगीस आणखी एक जाहले, ते राहिले नाही. एका जागी राहोन घाण साचली, पाण्यास वास आला, मग ओकारी-जुलाबाचा आजार आला आणि घरोघर माणसे मेली. वेल्हीबाईचा घरधनी त्यातच गेला. आणि अवघ्या बायका सकाळपासून पाट्यापुढे गुडघे टेकोन, पायांची बोटे दुमडोन, जव रगडू लागल्या. रगडावे, खावे, फिरोन रगडावे. आम्हीही भाकरी खाऊनच हे लिहितो, तेव्हा फार बोलत नाही. पण पुरुष म्हणत, आता चालण्याचे कष्ट सरले, बायका सुखी जाहल्या! काय म्हणावे या अकलेस!

मग एके साली वेल्हीबाईने कोणाचे ऐकिले नाही. पेवजीस शेजारणीच्या ओटीत घातले, कावेचा बटवा बांधिला, आणि एकटीच निघाली. करवंदीच्या रानापावेतो नीट गेली. जुन्या चुलींचे दगड ओळखीचे दिसले, तेथे बसोन रडली, मग उठोन चालू लागली. पण खिंडीचा चढ लागला तो गुडघे वाकेनात. ज्या पायांनी पोरीस कडेवर घेऊन तो चढ चढली होती, ते पाय पाट्याने खाल्ले होते. हातांवर रांगली, कोपरे सोलली, मग पायथ्याशीच बसली आणि वर तोंड करोन ओरडली, "टिटवे! तुला भाऊ झालाय गं! तुझ्यासारखाच बडबड्या आहे! मी इथवर आले आहे, बघ!" खिंडीतला वारा खाली वाहत होता. शब्द वर पोचत नाहीत हे तिला कळले, तरी घसा बसेतो सांगत राहिली. मग नाईकांची माणसे शोधीत आली आणि तिला पाठीवर घेऊन माघारी नेले. ती म्हणाली, "बाबांनो, वर न्या रे, इथंच तर आहे." परंतु पाखरे पिकावर बसली होती, त्यांस परतण्याची घाई होती. बटव्यातली काव तशीच राहिली.

इकडे घरोघर माणसे मेली, त्यांस घराच्या जमिनीखालीच पुरू लागले, जे की लांब जाणे नको. पण लोकांच्या स्वप्नात मेलेले उठोन जुन्या वाटेने चालू लागले. नाईक म्हातारे, भ्याले, आणि हुकूम केला की, आपण चालणे सोडिले, मेलेल्यांची सवय सुटत नाही, ते आपल्यास टाकोन जातात. सबब पुरते समयी त्यांची पावले घोट्यापासून तोडावी, म्हणजे घरचे माणूस घरात राहील. यात दुष्टावा नव्हता, साहेब. मायेपोटीच केले. पुढे नाईक वारले तेव्हा हा रिवाज त्यांवरही चालला.

पेवजी वाढला, कर्ता जाहला. त्याने फेरी पाहिली नव्हती; खिंड म्हणजे आई म्हणते ती एक गोष्ट, इतकेच त्यास ठाऊक. वेल्हीबाई अंथरुणास खिळली तेव्हा त्याचा हात धरोन म्हणाली, "पेव्या, माझे पाय तेवढे राहू दे रे बाबा. जिवंतपणी गुडघ्यांनी दगा दिला. मेल्यावर दुखायचे नाहीत. मी टिटवीला भेटून येते."

"परत येशील ना?" पेवजीने पुसिले.

वेल्हीबाईस खोटे बोलवेना. तिने त्याचा हात थोपटला. पेवजी म्हणाला, "बरं, आई." तितके ऐकोन तिने डोळे मिटले, आणि तोंडावर हसू आले ते तसेच राहिले.

मग चुलीशेजारी खड्डा खणिला, वेल्हीबाईस निजविले, बटवा हाताशी ठेविला. पेवजीने धारेचा दगड घेतला, खाली ठेविला, फिरोन घेतला. शेजारीण म्हणाली, "तिनं सांगितलं होतं ना तुला?" पेवजी लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला आणि म्हणाला, "ती गेली तर या घरात माझं कोण आहे?" आणि पावले तोडिली. नंतर माती लोटिली, शेणाने सारविले, आणि दुसरे दिवशी त्यावर पाटा मांडिला.

पुढे घरांची गावे जाहली, गावांस तट जाहले, तटात राजे बसले, पेवांवर पहारे बसले, आणि त्यास अवघे जग मोठे राज्य म्हणो लागले. करवंदीची वाट मोडली, खिंडीचे नाव कोणास आठवेना.

येणेप्रमाणे मनुष्य घर बांधोन बसला, त्याची हकिकत ठाऊक होती तितकी लिहिली. वाऱ्याच्या खिंडीत दगड जागचे जागी आहेत, त्यांस काव लागली नाही. टिटवीस भाऊ जाहला, हे तिला अद्याप कोणी सांगितले नाही. लेखनसीमा.