कोळशाच्या खोलीतला आहारतज्ज्ञ

जनावरांच्या बाबतीत मला चार गोष्टी शिकवील असा माणूस आमच्या क्लेगथॉर्प गावात अजून जन्मायचा होता. निदान गेल्या मे महिन्यापर्यंत माझी तशी पक्की समजूत होती!

एकतीस वर्षं मी बस चालवली, पण जीव सगळा फेरेटांत. मुंगसासारखं लांबुळकं अंग, चिमुकले पाय आणि दिसेल ती वस्तू पळवून कोनाड्यात दडवायची खोड. आमच्याकडे मोजे जोडीनं सापडत नाहीत, चमचे सोफ्याखाली असतात, आणि माझी कवळी एकदा रविवारभर पियानोत होती. सध्या घरात दोघं आहेत. बिशप पांढराशुभ्र आणि कमालीचा गंभीर. त्याची बहीण टॉफी तपकिरी, आणि गंभीरपणा कशाशी खातात हे तिला ठाऊक नाही.

तर झालं असं, की एका गुरुवारी आमच्या फेरेटवाल्यांच्या क्लबात जनावरांच्या डॉक्टरीणबाई भाषणाला आल्या. वयानं माझ्या नातीएवढ्या. फेरेटाचं खरं अन्न म्हणजे कच्चं मांस, पिशवीतले कोरडे दाणे नव्हेत, असं त्यांनी सांगितलं. मांसानं दात स्वच्छ राहतात, अंगावर तकाकी येते, वगैरे वगैरे. चहाबरोबर डुकराच्या मांसाची पेस्ट्री फुकट होती म्हणून सगळे मन लावून ऐकत होते.

"पण घाई करू नका," बाई म्हणाल्या. "लहानपणी ज्याचा वास ओळखीचा होतो तेवढंच यांना अन्न वाटतं. आधी दाण्यांवर मांसाचा रस शिंपडा, मग थोडं बोटानं ओठाला लावा. चार ते सहा आठवडे धीर धरा."

"नवशिक्यांना लागत असतील," मी उठून म्हणालो. "मी पाच दिवसांत करून दाखवतो."

बाई हसल्या. पण पलीकडच्या टेबलावर आर्नी स्टॅनिफोर्थ बसला होता. आर्नी म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, आणि शाळेपासूनच माझ्या वाइटावर टपलेला.

"पाच दिवसांत? तुझा बिशप?" आर्नी म्हणाला. "लेका, तो तुझ्या हातचं बिस्कीटसुद्धा हुंगून परत करतो."

"पुढच्या आठवड्यात शनिवारच्या जत्रेत त्याला मांसावर पळवतो आणि चषक घरी नेतो!"

"आणि नाही नेलास तर?"

तोंडाला कुलूप नसलं की असं होतं. मी म्हणून बसलो, "तर नळ्या तुझ्या गॅरेजात."

क्लबात सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले. कारण नळ्या म्हणजे चेष्टा नव्हे. जत्रेत फेरेटांची शर्यत होते ती पाच लांबलचक नळ्यांमधून. एका तोंडातून फेरेट आत सोडायचा, दुसऱ्या तोंडातून जो पहिला बाहेर येईल तो जिंकला. या नळ्या सांभाळायचा मान माझ्या सासऱ्यांकडे होता. खाणीत राबलेला माणूस, बोलायचा कमी. जाताना त्यांनी आमच्या कोळशाच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि एवढंच म्हणाले, "शुक्रवारी दोरी फिरव." म्हणजे शर्यतीच्या आदल्या दिवशी दोरीला चिंधी बांधून प्रत्येक नळी आतून पुसायची, आणि शर्यतीआधी सगळ्या गावासमोर टोपी काढून सांगायचं, "नळ्या पुसल्या आहेत, स्वच्छ आहेत." एकोणीस वर्षं मी हे न चुकता केलं होतं. आणि नवं गॅरेज बांधल्यापासून आर्नीचा त्या नळ्यांवर डोळा होता.

सोमवारी सकाळी मी खाटकाकडून कोंबडीच्या माना, काळजं आणि सशाची एक तंगडी आणली. कोळशाच्या खोलीत आता कोळसा नसतो. दगडी भिंती, मे महिन्यातही आत हुडहुडी भरते. फेरेट तिथेच मोकळे खेळतात, नळ्या तिथेच एका भिंतीशी आडव्या ठेवलेल्या. मी मधोमध ताट ठेवलं.

पंगतीत शेजाऱ्याच्या पानात झुरळ दिसावं तसा चेहरा करून बिशप मागे सरकला. टॉफी शिंकली. खाताना जनावरावर नजर ठेवून बसू नये, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. म्हणून मी दार ओढून घेतलं आणि अर्ध्या तासानं परत आलो. ताट लख्ख! एक कणही शिल्लक नव्हता.

मी शिट्टी वाजवत स्वयंपाकघरात शिरलो. माझी बायको ग्लेनिस बटाटे सोलत होती.

"खाल्लं त्यांनी?" तिनं विचारलं.

"चाटूनपुसून."

"तू पाहिलंस?"

"या डोळ्यांनी." म्हणजे ताट पाहिलं होतं. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा बटाट्यांकडे वळली. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात मला बाकी सगळं कळायला लागलं, पण तिचं न बोलणं काही अजून कळत नाही.

मंगळवारी मी दुप्पट मांस ठेवलं. ताट लख्ख. बुधवारी तिप्पट. लख्ख! गुरुवारी खाटकानं विचारलं, "विल्फ, घरात लांडगा पाळलायस का?" मी दोघांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवलं तर वजन वाढलेलं. अंगावर अशी तकाकी, की बिशपमध्ये पाहून दाढी करावी. रोज संध्याकाळी मी आर्नीला फोन करून हालहवाल कळवत होतो. चौथ्या दिवशी त्यानं फोन उचलणंच बंद केलं.

"कोळशाच्या खोलीतून वास येतोय," ग्लेनिस म्हणाली.

"निसर्गाचा वास आहे तो."

"मग निसर्गाला आंघोळ घाल."

शुक्रवारी मी क्लबात होतो. लोक प्रश्न विचारत होते, मी उत्तरं देत होतो. काळीज आधी की मान आधी, तुकडा केवढा असावा, पाणी कधी ठेवावं! कुणीतरी वहीत लिहूनही घेत होतं. माणूस अशा वेळी उठून घरी जाऊन दोरीला चिंधी बांधत बसतो का? घरी आलो तेव्हा अंधारलं होतं. गेल्या वर्षीच तर पुसल्यात, नळ्यांना काय झालंय, असं म्हणून मी नेहमीप्रमाणे प्रत्येक नळीच्या दोन्ही तोंडांवर जुने लोकरी मोजे चढवले आणि जेवायला बसलो.

शनिवारी मैदानावर सगळं गाव लोटलं. बँड वाजत होता, वडिलांच्या खांद्यावर पोरं बसली होती. मासे आणि बटाटे तळणाऱ्या गाडीचा वास इतका दांडगा होता, की त्यापुढे दुसरा कुठला वास यायची सोयच नव्हती. आमच्या चिटणीस मिसेस हेप्वर्थ हिरवी हॅट घालून उभ्या होत्या. त्या इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि निम्म्या गावाला अजूनही त्यांच्यासमोर खिशातून हात काढावेसे वाटतात.

"मिस्टर ओल्डरॉइड, नळ्या?"

मी टोपी काढली. "पुसल्या आहेत, स्वच्छ आहेत," मी म्हणालो.

मोजे निघाले. बिशप मधल्या नळीशी, शेजारच्या नळीशी आर्नीचा डिझेल. डिझेल काळा, आडदांड, तीन वर्षांचा विजेता. उरलेल्या तिन्ही नळ्यांशी गावातले आणखी तीन फेरेट. शिट्टी झाली आणि पाचही शेपट्या आत गडप झाल्या.

चांगला फेरेट अकरा सेकंदांत बाहेर येतो. अकरा झाले, वीस झाले. पलीकडच्या तोंडांशी मालक गुडघ्यांवर बसून किल्ल्या वाजवत होते, शीळ घालत होते. आर्नी तर नळीत तोंड घालून, "ये रे माझ्या राजा," असं चक्क लाडानं म्हणत होता. आमच्या नळीपाशी ग्लेनिस मोहरीचा जुना डबा खुळखुळवत होती. आत खडे असतील असं मी धरून चाललो होतो.

तिसाव्या सेकंदाला मधल्या नळीतून बिशपचं तोंड बाहेर आलं. सार्वजनिक मुतारीवरून जाताना सभ्य माणूस करतो तसं नाक त्यानं आक्रसलं होतं. इकडेतिकडे न पाहता तो तडक ग्लेनिसच्या डब्याकडे धावला.

जिंकलो! मी टोपी उडवली, बँडवाल्यांनी दोन सूर जास्तच काढले, कुणीतरी मला मिठी मारली. मग हळूहळू लक्षात आलं, की बाकीचे चार अजून आतच आहेत. एक मिनिट झालं, तीन झाली. बँड थांबला. त्या शांततेत नळ्यांमधून स्वच्छ ऐकू येऊ लागलं. चप, चप, चप.

मिसेस हेप्वर्थ हॅट सांभाळत वाकल्या आणि त्यांनी बॅटरी आत मारली.

"मिस्टर ओल्डरॉइड," त्या म्हणाल्या, "आत पंगत बसली आहे."

दोघांनी नळी तिरकी केली. आधी सशाची तंगडी आली. तिच्यामागून डिझेल घसरत आला, तोंडात कोंबडीची मान आणि डोळ्यांत स्वर्ग. बाकीच्या नळ्यांतून काळजं, माना, पुन्हा काळजं. सोमवारपासून शुक्रवारपर्यंतचा माझा सगळा बाजार त्या गवतावर मांडला गेला.

"विल्फ," आर्नी पांढरा पडला होता. "माझ्या नळीत मांस भरलंस तू? चषकासाठी?"

"माझ्या नळीतही असेल! बघा ना!" मी ओरडलो. मधली नळी तिरकी केली. चार माना बाहेर आल्या, अगदी जशाच्या तशा. एकीलाही दात लागलेला नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ग्लेनिसकडे गेलो. बिशप तिच्या हातावर बसून कुडुमकुडुम काहीतरी चावत होता.

"डब्यात काय आहे?" मी हळूच विचारलं.

"दाणे."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. तू घरात आलास की मी कोळशाच्या खोलीच्या मागच्या झडपेतून देत होते. ताट साफ असायचं पण पोटं खपाटीला गेलेली रे त्यांची. मला वाटलं, मांस शेजारचं मांजर खातंय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू शिट्टी वाजवत घरात यायचास, विल्फ," ती म्हणाली. "बसची नोकरी सुटल्यापासून तुझी शिट्टी ऐकलीच नव्हती मी."

खरं सांगतो, त्या क्षणी चषकबिषक सगळं विसरलो. मागे गाव उभं होतं, आणि मला आठवत होते ते माझे सासरे आणि त्यांचे तीन शब्द. गप्प बसलो तर लबाड ठरणार, बोललो तर मूर्ख. मी पुन्हा टोपी काढली.

"मी दोरी फिरवली नाही," मी म्हणालो. "पुसल्या म्हणून सांगितलं ते खोटं होतं. आणि माझ्या फेरेटांनी पाच दिवसांत मांसाचा एक कणही खाल्लेला नाही. दडवत होते, ते या नळ्यांमध्ये. चषक मला नको. ही किल्ली घे, आर्नी."

आर्नीनं किल्लीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो डिझेलच्या तोंडातली मान ओढायचा प्रयत्न करत होता आणि डिझेल गुरगुरत होता.

"थांब विल्फ," आर्नी म्हणाला. "दोन वर्षं मी याला मांस देऊन पाहतोय. गुपचूप. रस शिंपडला, ओठाला लावलं, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. नाक वर करून निघून जायचा. आज बघ, माझं बोट खायला निघालाय!"

"आमचीपण तीच कथा," मागून एक जण म्हणाला. "सहा महिने झाले."

"आमचं तर वर्ष झालं," दुसरी एक बाई म्हणाली. मग कळलं, की निम्मं गाव चोरून हा उद्योग करत होतं आणि निम्मं गाव हरलं होतं. ताटातलं जे मांस फेरेट हुंगतही नाही, तेच दुसऱ्याच्या कोठारात सापडलं की चोरून मिटक्या मारत खातो. हे डॉक्टरीणबाईंच्या भाषणात नव्हतं.

मिसेस हेप्वर्थनी नियमांची वही काढली आणि चष्मा चढवला. "जो पहिला बाहेर येईल तो जिंकला," त्यांनी वाचलं. "आत काय होतं याबद्दल वही काही म्हणत नाही. चषक बिशपचा. खोटं बोलल्याबद्दल मिस्टर ओल्डरॉइड वर्षभर क्लबाच्या खुर्च्या लावतील."

"आणि नळ्या?" मी विचारलं.

आर्नीनं किल्ली माझ्या खिशात परत कोंबली. "नळ्या तुझ्याकडेच ठेव, गड्या. फक्त पुढचा महिनाभर धुऊ नकोस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराशी अकरा माणसं पिंजरे घेऊन उभी होती. आता दर गुरुवारी क्लबात आधी मी खुर्च्या लावतो आणि मग त्याच खुर्च्यांवर बसलेल्यांना कच्च्या मांसाचं महत्त्व सांगतो. डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत बसून लिहून घेतात. आजवर सव्वीस फेरेट माझ्या नळ्यांमधून मांसावर आले. आणि दर शुक्रवारी दोरी मी न चुकता फिरवतो. महिना सरल्यापासून तिला चिंधीही बांधतो.

परवाही टोपी घालून भाषणाला निघालो होतो. ग्लेनिसनं स्वयंपाकघरातून हाक मारली.

"विल्फ, येताना दाण्यांची पिशवी आण. मोठी आण, बिशपनं हल्ली रस शिंपडलेले दाणेसुद्धा सोडलेत."

पिशवी मी आणतो. फक्त दोन गावं पलीकडच्या दुकानातून, कोटाच्या आत धरून.