सरांचा इशारा

सरांच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नाही. सर चमच्याने टेबलावर एकदा टकटक करतात, म्हणजे चहा; दोनदा, म्हणजे पंखा बंद. "पेशी कधी ओरडतात का? सगळं इशाऱ्यावर चालतं," म्हणतात. कॉलेजात जन्मभर जीवरसायन शिकवलं. आता भोपाळच्या बाग सेवनिया भागातल्या घरी शिकवायला मीच उरले, आठवीत शाळा सुटलेली.

पहिल्याच दिवशी म्हणाले, "सुमन, मी तुला इशारा देईन." सर जन्माने भोपाळचे, मराठीत अर्धी हिंदी. त्यांचा इशारा म्हणजे खूण. आमच्या यवतमाळकडे इशारा पोलीस देतात, लाठी उचलायच्या आधी. मी पिशवी भरून दारात उभी.

"कहाँ चली?"

"तुम्हीच तर म्हणालात, सर."

उलगडा झाल्यावर इतके हसले की चष्मा पुसावा लागला.

माझं काम काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, सांभाळायचं. त्यांना अल्झायमर आहे. त्या सरांनाच ओळखत नाहीत. सर जवळ आले की घाबरून रडायला लागतात. म्हणून सर आतल्या खोलीत एकटे जेवतात आणि उरलेला वेळ त्या आजारावरचे इंग्रजी कागद वाचतात. मग मला सांगतात.

"हे बघ, पेशीच्या दारावर निरोप येतो. आत तो हातोहात पुढे जातो. मतलब, एकाने बटण दाबलं की दुसरा कामाला लागतो. काकूंच्या मेंदूत एक बटण दाबलेलंच राहिलंय. त्यानं पेशीतले खांब सुटतायत. ते बटण सोडवणारं औषध शोधतायत."

"सापडलं?"

"उंदरांना गुण येतो. माणसापाशी गाडी अडते."

"म्हणजे काकूंच्या आधी उंदीर बरे होणार?"

"लाइन में वही आगे हैं," सर गंभीरपणे म्हणाले.

मला आपली धाकधूक, उद्या काकूंनी मलाही ओळखलं नाही तर? एकदा विचारलंच. "तर नव्याने ओळख करून दे," सर म्हणाले. "तू जायचं नाहीस." या परक्या गावात एवढं मला कुणी म्हटलं नव्हतं.

परवा संध्याकाळी काकू सोफ्यावर बसल्या होत्या. सर पाणी घ्यायला आले आणि त्यांना बघून पाय न वाजवता मागे वळले. काकू या वेळी घाबरल्या नाहीत. जरा सरकल्या, शेजारची जागा हाताने झाडली.

"बसा ना. आमचे हे येतीलच एवढ्यात."

सर अगदी कडेला टेकले, पाहुण्यासारखे.

"घाई नाही," म्हणाले. "मी थांबतो."