अन्सामामी आणि रातचं पाणी

हिवाळ्यात पहाटे आमच्या गोठ्यात कोणी खाकरलं, की अन्सामामी आली असं समजायचं. विचारणं नाही, हाक नाही. पदर खोचून सरळ कोपरापर्यंत हात म्हशीच्या पत्र्याच्या टाक्यात, आणि मग आरोळी.

"काऊन रे मुडद्या, रातचं पानी पाजून राह्यला जनावराले? पयले तू पे!"

आणि खरोखरच तांब्या भरून माझ्या तोंडापुढे धरायची. तोंडही न धुतलेल्या माणसाच्या! तेलंगणातल्या आमच्या नार्नूरकडची थंडी ज्याला ठाऊक आहे, त्यानं माझ्या दाढांचं काय झालं असेल याचा विचार करावा.

तिचं म्हणणं एवढंच, की उघड्या टाक्यातलं रातचं पाणी पहाटेपर्यंत इतकं गार होतं, की जनावर तोंड लावून सोडून देतं. बोअरचं ताजं पाणी कोमट असतं, ते पाजा. म्हणणं बरोबर आहे हो. पण सांगायची ही काय तऱ्हा? शिवाय जिच्या गोठ्यात साधी शेळी नाही, तिनं आम्हाला शिकवायचं? दामूमामा वारले, मामीचे गुडघे गेले, मग तिनं जमीन बटईनं दिली, बैलजोडी विकली. बाई मोकळी झाली ती गावाच्या छातीवर बसायला!

गेल्या हिवाळ्यात तर तिनं पंचायतीशीच भांडण काढलं. गावच्या हौदात पाणी सोडायचे संध्याकाळी. मामी म्हणे, सकाळी सोडा. कोणी ऐकेना. एका पहाटे तिच्या अंगणातल्या परातीत पाण्यावर बर्फाची पापडी धरली. झालं! परात डोक्यावर घेऊन बाई पंचायतीच्या ओट्यावर जाऊन बसली.

सेक्रेटरी साहेब उगवले ते ऊन चांगलं तापल्यावर. मामीनं परात त्यांच्या टेबलावर आदळली.

"पाहा साहेब, बरफ!"

साहेब तेलुगू माणूस. वाकून पाहिलं त्यांनी. "नीळ्ळे कदा, अम्मा," म्हणाले. पाणीच तर आहे.

"तुमी येळेवर आले असते त बरफच होता!" मामीचा आवाज बसथांब्यापर्यंत गेला. "आता बरफानं बी तुमची वाट पाहाची काय?"

गाव पोट धरून हसलं. पण दुसऱ्या दिवसापासून हौदात पाणी सकाळी पडू लागलं, आणि हे यश मामीच्या डोक्यात गेलं. एका सकाळी तिनं आमचं टाकं चक्क लाथेनं लवंडलं. अंगणभर चिखल, त्यात बायको घसरून पडली. आता मात्र मी पेटलो. बाजाराचा दिवस होता, मला माझं दुकान उघडायचं होतं, पण ते राहू दिलं. तसाच तिच्या घराकडे निघालो. आज या बाईला सोडायचं नाही!

तिच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक घमेलं ठेवलेलं, पाण्यातून वाफ निघत होती. मी आत दारापाशी जाऊन ओरडायला तोंड उघडलं, तोच दाराआडून हात आला नि मला आत ओढलं.

"चूप! बोलू नको."

रस्त्यावरून शेजारच्या गावच्या एका कास्तकाराची बैलबंडी बाजाराला चालली होती. फाटकापाशी एक बैल आपोआप थांबला आणि त्यानं घमेल्यात तोंड घातलं.

"याले हेच घर काऊन भेटते कोन जाने!" गाडीवान करवादला.

मामी दाराच्या फटीला डोळा लावून उभी होती. "पे रे पाखऱ्या," ओठातल्या ओठात चाललं होतं, "पे बापा."

तिनं विकलेल्या जोडीतला बैल होता तो.

"बाहीर जा न मामी," मी कुजबुजलो. "भेट त्याले."

"येडा हायेस काय? मले पाह्यलं का तो पुढं जात नाई. तितंच बसते. मंग मालक मारते त्याले."

गाडीवानानं कासरा ओढला. बंडीचा आवाज ऐकू येईनासा झाला तरी मामी हलली नाही. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "जाय बरं, पाह्यून ये. सारं पेला काय?"

मी बाहेर गेलो. घमेल्यात निम्मं पाणी तसंच होतं. मी ते कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं आणि ओरडून सांगितलं,

"सारं पेला, मामी. थेंब नाई ठेवला."