तांडेलमामा आणि कोरडी हवा

तांडेलमामा गाडीला गाल लावायचे. हात नव्हे, गाल. रोज सकाळी चहाच्या आधी ते बसखाली शिरायचे, गाल पाण्याने ओला करायचे आणि डोळे मिटून एकेका नळीच्या जोडाशी नेऊन थांबायचे. नवी नर्स पहिल्या दिवशी घाबरून मला म्हणाली, "ह्यांना काही होतंय का?"

"त्यांना नाही," मी म्हटलं. "गाडीला काही होतंय का ते बघतायत."

गाडी म्हणजे ठाण्याच्या एका धर्मादाय संस्थेचा फिरता दवाखाना. मोठी डिझेल बस. आतल्या सीटा काढून तपासायचं टेबल, औषधांचं कपाट आणि बेसिन बसवलेलं, मागे झोपायला दोन फळ्या आणि गॅसची शेगडी. मुरबाडपलीकडच्या पाड्यांवर आम्ही दोन-दोन दिवस मुक्कामाला जायचो, तेव्हा तेच आमचं घर. नव्वदनंतरची चार वर्षं मी तिच्यावर कंपाउंडर होतो. मी डोंबिवलीचा. डॉक्टरबाई नौपाड्याच्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. आणि तांडेलमामा बाळकुमच्या कोळीवाड्यातले. वडील, आजोबा खाडीत मासे धरायचे. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरलं, मासा गेला, आणि मामांच्या हातात वल्ह्याऐवजी स्टिअरिंग आलं.

मामांचं सगळ्यात जास्त प्रेम होतं ड्रायरवर. एवढ्या मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात; नळीतून हवा सुटत असली तर ओल्या गालाला गार लागते, म्हणून तो गाल. इंजिन हवा दाबून टाकीत भरतं आणि ती टाकीत जायच्या आधी तिच्यातलं पाणी काढून घेणारा एक डबा असतो, तो हा ड्रायर. आमच्या बसला तो नवीन होता. मामांनी आयुष्यभर हाताने टाकीतलं पाणी काढलेलं, त्यामुळे त्यांना त्याचं कौतुकही होतं आणि संशयही. रोज ते टाकीचा नळ उघडून एका स्टीलच्या वाटीत बघायचे आणि वाटी डॉक्टरबाईंच्या टेबलावर आणून ठेवायचे. "बाई, कोरडी हाय." एकदा वाटीत दोन थेंब होते. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हे कोणत्या पेशंटचं?"

मामा अखंड बोलायचे. ठाण्याहून निघाले की कल्याण येईपर्यंत दुसऱ्याला तोंड उघडायला जागा नाही. आणि चुकून कोणी काही विचारलंच, तर उत्तर भलतंच. "मामा, किती वाजले?" "कोरडी हाय." एकदा घाटात बाई म्हणाल्या, "मामा, थांबवा जरा, मला मळमळतंय." मामा म्हणाले, "कालच भरला, बाई," आणि डिझेलचा काटा दाखवून गाडी हाकत राहिले. बाईंनी ते वळण बेसिन धरून काढलं. माजिवड्याच्या नाक्यावर मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला तरी हे इंचभर सरकायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, माणूस मानी आहे. हे किस्से मी घरी रंगवून सांगायचो. बायको पोट धरून हसायची.

त्या आठवड्यात बसच्या पोटातून एक आवाज येत होता. स्स्स, असा. कुकरची शिटी नीट बसली नाही की येतो तसा. मी चार दिवस ऐकत होतो. पण मामा त्यावरच बसलेले असायचे आणि त्यांचा चेहरा निवांत. मला पावसाने ताप आलेला, त्यामुळे मामांची सकाळची तपासणीही मी बघितली नव्हती. पुढे कळलं, चिखल फार म्हणून तेही चार दिवस खाली शिरले नव्हते. मला वाटलं, नवीन यंत्र आहे, असेल त्याची रीत.

आम्ही एका ठाकरवाडीवर होतो. दुपारी दोन बाप्ये एका बाईला झोळीत घालून घेऊन आले. सोनी नाव. पहाटे घरीच बाळंत झालेली, मूल ठीक होतं, पण तिचं रक्त थांबत नव्हतं. बाईंनी बघितलं आणि मला म्हणाल्या, "सलाइन लाव. हिला कल्याणला न्यायचंय. लगेच."

मामांनी इंजिन चालू केलं. हवेचा काटा थोडा वर सरकला आणि तिथेच थांबला. टाकीत हवा नसली की ह्या गाडीची मागची चाकं आपोआप ब्रेकमध्ये अडकतात. बस जागची हलेना. मामांनी इंजिन जोरात फिरवलं, काटा हलला नाही. मग ते चिखलात उताणे पडून खाली शिरले, मी टॉर्च घेऊन मागे.

त्यांनी गाल ओला केला आणि ड्रायरच्या तळाशी नेला. हवेच्या झोताने त्यांचे केस मागे उडत होते. त्यांनी कानही तिथे नेऊन बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आवाज येतंय काय?"

"येतोय की," मी म्हटलं. "चार-पाच दिवस येतोय."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. पाना मागितला.

इंजिन भरत होतं ती सगळी हवा ड्रायरच्या तळातून बाहेर जात होती. तो डबा वगळून नळी सरळ टाकीला जोडायची, एवढा एकच उपाय होता. जोड बसत नव्हता. नळी तापलेली, मामांच्या मनगटावर फोड आले. वरून बाईंचा आवाज येत होता, "मामा, किती वेळ?" मामांनी उत्तर दिलं नाही. दीड तासाने काटा चढला.

सोनी कल्याणच्या अलीकडे गेली. मी तिचा हात धरलेला होता. बाईंनी नाडी बघितली, सलाइन बंद केलं आणि मामांना काहीच सांगितलं नाही. मामा हॉस्पिटलच्या दारापर्यंत तशीच जिवाच्या आकांताने गाडी मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी आणि मामा बस घेऊन माजिवड्याच्या एका गॅरेजात गेलो. मिस्त्रीने ड्रायर तपासायला परत जोडून घेतला, साबणाचा फेस लावला, बुडबुडे बघितले, मग खोलून दाखवला. आतला वाळवायचा मसाला तेलाने काळा झालेला आणि तळाच्या झडपेचं रबर फाटलेलं. "पूरा बदली करा," तो म्हणाला. मग मला विचारलं, "एवढा आवाज, रस्त्याच्या पलीकडून ऐकू येतो. ड्रायव्हरला नाही आला?"

मामा हातभर अंतरावर, पाठमोरे उभे होते. मी म्हटलं, "मामा." मग जरा मोठ्याने, "मामा, तुमचं पाकीट पडलं." त्यांनी मान वळवली नाही.

वेळ विचारणं, मळमळ, मागच्या ट्रकचा हॉर्न, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. चार वर्षं मी हसत होतो.

नवा ड्रायर बसला. मिस्त्रीने इंजिन चालू केलं, काटा पार वर चढला, खालून एकदाच फुस्स झालं आणि सगळं शांत. मामा गाडीकडे बघतच नव्हते. ते आमच्या चेहऱ्यांकडे बघत होते.

"थांबला ना?" त्यांनी मला विचारलं.

मी मान डोलावली.

मामांनी संस्थेच्या आवारात बस लावली, वर बाईंच्या खोलीत आले आणि बाईंच्या टेबलावर किल्ली ठेवली. "मना ऐकू येत नाय, बाई," ते म्हणाले. "काल गाडीखाली समजला. दुसऱ्या कोनाला बघा."

मला सांगायचं होतं, की तो आवाज मला ऐकू येत होता आणि मीही चार दिवस बोललो नाही. आता मी ते बोललो. मामांनी ऐकलं नाही, बाईंनी ऐकलं. त्यांनी मला हाताने थांबवलं आणि मामांना विचारलं, "कधीपासून?"

मामांना ओठांवरून कळलं असावं. त्यांनी खरोखर आठवून बघितलं.

"काय माहीत," ते म्हणाले. "म्हातारी गेली त्याला सात वरसं झाली. घरात बोलनारा कोन नाय. कान कवा गेले ते कळलाच नाय."

बाई उठल्या. त्यांनी आपलं स्टूल उचलून खिडकीपाशी उजेडात ठेवलं, मामांना समोर बसवलं आणि आपलं तोंड त्यांना नीट दिसेल अशा बसल्या. सावकाश, एकेक शब्द सोडत त्यांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंत का?"

मामा त्यांच्या ओठांकडे बघत होते. "नाय," ते म्हणाले.