थंड तळ्यावरचा चिंतेचा ठराव

"‘एका जंगलात लोकशाहीची स्थिती चिंताजनक आहे,’ अशी सुरुवात करू या," आबासाहेब धनेश म्हणाले.

"एका कशाला? आपल्या म्हणा की!" भागाआत्या टिटवी कडाडली. "जंगलाला नाव नाही होय? तिथंच अंड्यातून बाहेर पडलात ना?"

"अहो आत्या, नाव घेतलं की ते कुणाला तरी लागतं. ‘एका जंगलात’ म्हटलं की कुणालाच लागत नाही."

"लागणार नाही तर लिहिता कशाला? मलम आहे का ते?"

मुलांनो, जरा सरसावून बसा. भांडण रंगात आलंय, पण ते कशावरून, हे कळल्याशिवाय त्याची गोडी नाही.

हे भांडण जंगलात चाललं नव्हतं. जंगलापासून लांब, डोंगरांच्या पलीकडे, एका थंड तळ्यावर चाललं होतं. जंगलातली काही पाखरं पूर्वी चाऱ्यासाठी उडून तिकडे गेली आणि तिथलीच झाली. मासे गलेलठ्ठ, फासेपारधी कुणी नाही. पाखरांची घरटी ऐसपैस झाली. पोट रिकामं असतं तेव्हा नुसती भूक लागते. ते भरलं की मायभूमी आठवते. तशी यांनाही आठवली, आणि त्यांनी अरण्यबंधू मंडळ काढलं.

मंडळाचा करवंद महोत्सव मोठा दणक्यात व्हायचा. तळ्यावर करवंदं नव्हती. मग तिथली कसलीशी लाल फळं द्रोणात घालून सगळे एकमेकांना म्हणायचे, "अगदी आपल्याकडच्यासारखी लागतात, नाही?" लागायची नाहीत. पण तसं म्हणायचं नसतं.

मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब धनेश. चोच एवढी मोठी की बोलण्याआधीच ऐकणाऱ्यावर दडपण यावं. दरवर्षी ते बिनविरोध निवडून यायचे. कुणाच्या मनात निवडणुकीला उभं राहायचं आलं, की धनेशवहिनी त्याला जेवायला बोलवायच्या आणि असा आग्रह करायच्या की बिचाऱ्याला उभंच राहता येत नसे.

आता भागाआत्याचं दुखणं ऐका.

तिची भाची जिवली मागं जंगलातच राहिली होती. जंगलाचा राजा वाघ. त्यानं दवंडी पिटली होती, "आजपासून पाणवठा भयमुक्त!" पोपट रोज सकाळी फांदीफांदीवर तेच सांगायचे. एके दिवशी हरणं निर्धास्तपणे पाण्यावर निघाली, आणि जिवलीला गवतात पट्टे दिसले. ती जिवाच्या आकांतानं ओरडली. हरणं पळाली. महाराज उपाशी राहिले.

मुलांनो, टिटवी ओरडली की लोक म्हणतात, अपशकुन झाला. वाघ येतो म्हणून ती ओरडते, हे कुणी ध्यानात घेत नाही. ती ओरडली म्हणून वाघ आला, असंच धरून चालतात.

जिवलीवर पाणवठ्याच्या बदनामीचा ठपका आला. तिला साळिंदराच्या बिळात कोंडलं आणि बिळाच्या तोंडाशी काटे लावले. टिटवीला घरटं नसतं. ती उघड्या खडीवर अंडी घालते, आणि ऊन चढलं की नवराबायको पाळीपाळीनं सावली धरतात. आता नवरा एकटाच पंख पसरून उभा होता. तो पाण्याला गेला की अंडी भाजणार, न गेला की तो मरणार. जंगलाकडून उडत आलेल्या भिंगरी पाखरानं ही बातमी आणली, तेव्हापासून आत्याच्या घशाखाली किडा उतरला नव्हता.

आणि नेमके महाराज दुसऱ्या दिवशी तळ्यावर यायचे होते! पोपट त्यांना रोज सांगायचे, "परदेशातसुद्धा आपला जयजयकार चालतो." तो जयजयकार महाराजांना स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता. त्यासाठी एवढे डोंगर तुडवत ते येत होते. मंडळानं ठरवलं, स्वागतही करायचं आणि चिंतेचा ठरावही द्यायचा. त्या ठरावात जिवलीचं नाव घालून घ्यायला आत्या सभेला आली होती.

"जिवलीला सोडा, एवढंच लिहा," आत्या म्हणाली. "उरलेलं पान कोरं सोडा."

"आत्या, व्यक्तिगत विषय नकोत," चिटणीस मैनावतीबाई साळुंकी गोड आवाजात म्हणाल्या. "आपला लढा तत्त्वाचा आहे."

"तत्त्व बिळात कोंडलंय होय? काटे तत्त्वाला टोचतायत?"

"तसं नव्हे हो. पण माझं माहेरचं घरटं अजून तिथं आहे. थंडीत जाणं-येणं असतं. उगाच कुणाच्या डोळ्यावर कशाला यायचं?"

"आणि आमच्या जावयांकडे पाणवठ्याच्या साफसफाईचं काम आहे," बगळेभाऊ एका पायावर उभे राहून म्हणाले. "बाकी लोकशाही मला प्राणाहून प्रिय. आत्या, तुम्हीच ओरडा ना! तुमचं तिथं आता राहिलंय काय?"

"भाची राहिलीय," आत्या म्हणाली.

बगळेभाऊंनी पाय बदलला.

मग कार्यक्रमाचा क्रम वाचून झाला. स्वागतगीत, महाराजांचा परिचय, शाल-श्रीफळ, फराळ, महाराजांचं मार्गदर्शन, आणि वेळ उरल्यास चिंता.

"वेळ उरल्यास?" आत्या पुढे सरसावली. "मी तुमच्या मासिकाला जिवलीची हकिकत दिली होती, तिचं काय झालं?"

"छापली की!" मैनावतीबाई म्हणाल्या. "जागेअभावी थोडी काटछाट झाली, इतकंच."

"इतकंच? जिवली गेली, वाघ गेला, बीळ गेलं. खाली मी लिहिलं होतं, पोरीला गांडुळाचं लोणचं आवडायचं. तेवढं राहिलं. वर मथळा काय, तर ‘आत्याच्या हातची चव’!"

"खूप जणांना आवडलं हो ते," बगळेभाऊ म्हणाले.

"घ्या मतदान!" आत्या ओरडली. "जिवलीचं नाव घालायचं की नाही, घ्या मतं!"

असला अभद्र शब्द मंडळात आजवर कुणी उच्चारला नव्हता.

"मतदान?" आबासाहेबांना ठसका लागला. "आत्या, मंडळ म्हणजे एक कुटुंब. कुटुंबात कधी मतं घेतात का? आपल्याकडे सगळं एकमतानं होतं."

"एकाच्याच मतानं होतं, असं म्हणा!"

"हे बघा, आपण लोकशाहीवर बोलायला जमलो आहोत. मध्ये मध्ये बोलू नका!"

आता मात्र आत्यानं असा सूर लावला की तळ्यातले मासे तळाशी गेले. एकच हाक, पुन्हा पुन्हा. जंगलात ती हाक ऐकली की हरणं कान टवकारायची. इथं पाखरांनी कानांवर पंख घेतले.

"शांतता! उद्या महाराजांसमोर हे असलं झालं तर?" आबासाहेब गरजले. आणि मंडळानं तिथल्या तिथं ठराव केला, अगदी एकमतानं: महाराज परत जाईपर्यंत आत्यांनी लव्हाळ्याच्या बेटात राहावं. दोन बगळे पहाऱ्याला राहतील. हे सगळं आत्यांच्या तब्येतीसाठी.

आत्या त्या दोन बगळ्यांकडे बघतच राहिली. मग तिला हसू आलं. बिळात कोंडलेल्या भाचीसाठी ती भांडायला आली होती, आणि भाची सुटण्याऐवजी बीळच इथवर चालत आलं होतं! ती हसली, मग एकच वाक्य बोलली. भांडण तिथंच थांबलं. आबासाहेबांनी चोच मिटली. मैनावतीबाई पिसं साफ करू लागल्या. बगळे पहाऱ्याला गेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी महाराज आले. मिशा फेंदारल्या, शेपटी डौलात ठेवली आणि उंच खडकावर बसले. "सुरू करा," म्हणाले.

कुणी काही बोललं नाही.

महाराजांनी घसा खाकरला. बाजूचा कोल्हा स्वतःच ओरडला, "महाराजांचा..." पुढचं कुणी घेतलं नाही. वाऱ्यानं लव्हाळी तेवढी हलली. महाराज खडकावर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झाले. समोरून डरकाळी आली असती तर त्यांना उत्तर देता आलं असतं. या शांततेला काय उत्तर देणार?

"काय हवंय तरी काय?" ते शेवटी खेकसले.

तेव्हा मागून एकच आवाज आला, म्हातारा आणि चिरका. "जिवलीला सोडा."

"कोण जिवली? ती होय! अहो, ती तर विश्रांती घेतेय!" महाराज म्हणाले, आणि सोबतच्या ससाण्याला सुटकेचा हुकूम देऊन त्यांनी त्याच पावली पिटाळलं.

जिवली पोचली तेव्हा नवरा गरम खडीवर तसाच पंख पसरून उभा होता. एक अंडं वाया गेलं होतं. बाकीची फुटली, आणि त्यातून निघालेली पिल्लं अंग वाळायच्या आत ओरडायला लागली.

मंडळाच्या मासिकात बातमी आली, "अध्यक्षांच्या मुत्सद्देगिरीला यश!" आबासाहेब पुन्हा बिनविरोध निवडून आले.

आता तुम्ही विचाराल, आत्या त्या दिवशी असं बोलली तरी काय? ती म्हणाली:

"बोलायचं तिथं गप्प बसण्यात तुमचा जन्म गेला, बाबांनो, उद्या वाघ जयजयकारासाठी कान लावून बसेल, तेव्हा तीच कला जरा त्याच्या तोंडासमोर करून दाखवा!"

तात्पर्य: अन्यायाविरुद्ध आवाज उठवावा, असं थोर लोक सांगतात. तेवढं जमत नसेल, तर निदान टाळी वाजवू नये. आणि त्यातून चुकून कुणाची सुटका झालीच, तर श्रेय अध्यक्षांना देऊन मोकळं व्हावं.