फणसाच्या केसमधला फरार आरोपी

श्रुतिकाला फौजदार व्हायचं होतं आणि तिच्या वाटेत इंग्रजी शब्द आडवे आले होते. ॲलिबाय, मोटिव्ह, ॲकम्प्लिस, ॲबस्काँडिंग. बोरीवलीच्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये येरझारा घालत ती ते घोकायची आणि क्लासच्या परीक्षेत नेमकी विसरायची. शेवटी तिचे आजोबा काशीराम यांनी तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. गिरणीत असताना त्यांनी चाळीच्या नाटकांत कामं केली होती. नुसता शब्द डोक्यात राहत नाही, तो कोणाच्या तोंडचा आहे ते कळलं की जन्मभर राहतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

म्हणून त्यांनी लालबागच्या चाळीचा जुना फोटो काढला. गणपतीतला, सगळी बिऱ्हाडं जिन्यावर दाटीवाटीने उभी. गुन्हाही घरचाच होता. एका मे महिन्यात काशीरामांनी गावाहून एसटीच्या टपावर घालून फणस आणला होता. पिकेपर्यंत तो गॅलरीत टांगला, येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं कौतुक ऐकवलं, आणि ज्या सकाळी कापायचा त्या सकाळी नुसती दोरी लोंबत होती.

आजोबा सांगत गेले आणि नात फोटोवर चिठ्ठ्या चिकटवत गेली. श्यामकांत ॲकम्प्लिस. कोपऱ्यातल्या माणिककाकू प्राइम सस्पेक्ट. श्रुतिकाची आजी रत्नप्रभा आय-विटनेस, आपण तेव्हा गाढ झोपलो होतो असं तिने दोनदा सांगून पाहिलं, पण काशीरामांना आय-विटनेस हवाच होता. मग उरला त्यांच्या खांद्यावर हात टाकून हसणारा नंदू. तिथे ते जरा थांबले आणि म्हणाले, "ॲबस्काँडिंग लाव त्याला."

नंदू त्यांचा जिवाभावाचा मित्र. फणस गेला तेव्हा रागाच्या भरात काशीरामांनी भर गॅलरीत त्याला चोर म्हटलं होतं. नंदू ना हो म्हणाला, ना नाही. पावसाळ्याआधी खोली विकून वाकोल्याला गेला आणि दोघांचं बोलणं कायमचं थांबलं. असा मित्र पुन्हा मिळाला नाही हे काशीराम बोलून दाखवत नसत, पण म्हातारपणी त्यांना नंदूची आठवण फार यायची, आणि आपल्या हयातीत एकदा तरी त्याने दारात यावं एवढंच वाटायचं.

श्रुतिकाचे सगळे शब्द त्या दुपारीच पाठ झाले. काशीराम इतके खूश झाले, की त्यांनी चिठ्ठ्यांसकट तो फोटो आपल्या मोबाइलवर काढून, क्लासच्या ग्रुपवर टाकायला म्हणून नातीला पाठवायला घेतला. तो गेला जुन्या चाळीच्या ग्रुपवर. चूक कळताच त्यांनी घाईघाईने तो पुसला, तोही फक्त स्वतःच्या मोबाइलवरून. त्यांना दिसेनासा झाला, म्हणून ते निर्धास्त चहा प्यायले.

"आजोबा, वाट लागली," श्रुतिका म्हणाली. "तो तुम्हाला सोडून सगळ्यांना दिसतोय."

फोन सुरू झाले. श्यामकांत रागावला होता, पण चोरीचा आळ आला म्हणून नाही; मंडळाचा सेक्रेटरी असताना आपल्याला नुसतं साथीदाराचं काम का, असं त्याचं म्हणणं होतं. नीलमवहिनींना फोटोत असूनही एकही चिठ्ठी मिळाली नव्हती, त्यांनी फोनवर डोळ्यांत पाणी आणलं. मुलुंडहून माणिककाकूंची सून दर्शना हळू आवाजात म्हणाली, की सासूबाई फोटो पाहिल्यापासून गप्प आहेत, तेव्हा चिठ्ठी काढायची घाई करू नका. बघता बघता अख्खी चाळ पुन्हा गॅलरीत येऊन भांडू लागली. काशीरामांना ते मनातून आवडत होतं.

नंदू मात्र त्या ग्रुपवर असूनही काही बोलला नाही. तो ऑनलाइन येऊन गेला, म्हणजे फोटो त्याने पाहिला, एवढंच कळलं. काशीरामांना जेवण गेलं नाही. एकदा चारचौघांत चोर म्हटलं होतं, आता इंग्रजीतून म्हटलं. उरलीसुरली आशाही आपल्याच हाताने घालवली, असं ते रत्नप्रभाला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात नंदू, हातात कपड्यांची पिशवी. काशीरामांकडे न बघता त्याने श्रुतिकाला विचारलं, "तू ना पोलिसात जाणारी? सांग, ॲबस्काँडिंग कोणाक म्हणतत?"

"पोलीस शोधतायत आणि सापडत नाही, तो."

"बरोबर." मग तो मित्राकडे वळला. "मी वाकोल्याकच आसंय रे काश्या. माका सोधूक कोण इलोच नाय. मगे मी फरार कसो?"

काशीरामांनी नंदूचा हात धरला. "माझी चूक झाली रे. तू चोर नव्हतंस, ह्यां माका तेव्हाच कळाक होया होतां."

नंदूने ती माफी पुरती ऐकून घेतली, खुर्चीत बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "फणस माझ्याच पोटात गेलो."

मग नंदूने सगळं सांगितलं. मस्करीत नेला होता, संध्याकाळी सांगून हसायचं होतं. पण चोर म्हटल्यावर हसू कुठलं? आणि खरं बोलायचीही सोय नव्हती. कडक गऱ्यांचा, अस्सल कापा म्हणून काशीरामांनी चाळीत मिरवलेला तो फणस निघाला बरका, गिळगिळीत, हातातून निसटणारा. "खरां सांगून तुझी शोभा कशाक करू?" नंदू म्हणाला.

रत्नप्रभा पदराने डोळे पुसत हसत सुटली. काशीराम मागितलेली माफी परत कशी घ्यावी या विचारात असतानाच त्यांनाही हसू फुटलं. श्रुतिकाने फोटो पुढे ठेवला आणि आता कुठली चिठ्ठी लावू, असं विचारलं. आरोपीला आपल्याकडे ठेवून खायला-प्यायला घालतात त्याला काय म्हणतात, अशी नंदूने चौकशी केली.

"कस्टडी," ती म्हणाली.

"मगे ताच लाव." त्याने पिशवी कपाटाशेजारी ठेवली.

किती दिवसांची, हे कोर्ट ठरवतं, असं श्रुतिका सांगायला लागली. कोर्ट तोवर पदर खोचून स्वयंपाकघरात जादा तांदूळ धुवत होतं. नंदू अजून तिथेच आहे, आणि जामिनासाठी कोणीही अर्ज केलेला नाही.